घरात 'संपलं' म्हणायचं नाही, 'जातो' म्हणायचं नाही... मग पोरीला काय शिकवायचं?

अर्धवट_पुणेकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटेल पण घरात पंधरा दिवस हाच विषय चाललाय म्हणून टाकतोय.

आई गावाकडून आलीये चार महिन्यांसाठी, कोरेगावकडची. बायको इंदूरची, मराठीच पण तिकडे वाढलेली. मुलगी साडेपाच वर्षांची. तर परवा बायको किचनमधून ओरडली, 'अहो तांदूळ संपलेत, येताना आणा', आणि आई देवापुढून माळ हातात तशीच घेऊन उठून आली, की अगं तिन्हीसांजेला असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, 'तांदूळ वाढलेत' म्हणावं. मुलीने लगेच स्टूल लावून डबा उघडून आत डोकावलं आणि म्हणाली, 'आजी, हा तर रिकामाय. वाढले कुठे?' मला हसू आवरेना, आई रुसली, बायको गप्प. म्हणजे तो गप्पपणा वेगळा, लग्न झालेल्यांना कळेल.

तेव्हापासून रोज काहीतरी. मी ऑफिसला निघताना 'जातो गं' म्हणलं की आतून 'येतो म्हण, येतो'. निरांजन विझलं नाही म्हणायचं, शांत झालं. माझ्या हातून कप फुटला तर 'फुटला' म्हणून झाल्यावर 'जाऊदे, इडापिडा टळली' हे वर. आता पोरगी ते सगळं उचलतीये, काल पार्सल घेऊन आलेल्या मुलाला दारातच अडवलं, 'दादा, जातो नाही म्हणायचं, येतो म्हणायचं'. तो बिचारा हसून 'येतो बेटा' म्हणून गेला.

बायकोचं म्हणणं, मुलांना जे आहे ते स्पष्ट सांगायची सवय लागायला हवी, रिकाम्या डब्याला रिकामा म्हणलं म्हणून कोणी उपाशी मरत नाही. मला पटतं. पण हीच बायको मुलीचं कोणी कौतुक केलं की टेबलावर टकटक करून 'टचवूड' म्हणते, ते मात्र चालतं!

तर, हे नक्की कुठून आलं, यात काही अर्थ आहे का, आणि मुलीला शिकवावं की नाही?

---

सरळसोट

सगळी अंधश्रद्धा. कावळ्याच्या शापाने गाय मरत नसते. वाणसामानाच्या यादीत काय लिहिता, 'तांदूळ वाढले, ५ किलो'? विषय संपला. (वाढला.)

---

मास्तर_सांगली

सरळसोटराव एवढ्या घाईने विषय वाढवू नका. ३१ वर्षं मराठी शिकवलंय, जरा बोलू द्या.

'वाढणे' हे एकच क्रियापद आपण किती ठिकाणी ढाल म्हणून वापरतो बघा. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं असं बाई तोंडातून काढणार नाही, वाढवलं म्हणेल. दुकान बंद करत नाही, वाढवतो. आणि ताटात अन्न घालतो तेही वाढतोच. जिथे जिथे मोडणं, संपणं, थांबणं आलं तिथे बरोब्बर उलट अर्थाचा शब्द आणून बसवलाय. अर्धवटराव, तुमच्या सौं.ना विचारा, हिंदीतही 'दुकान बढ़ाना', 'दीया बढ़ाना' आहेच, त्यामुळे हे फक्त कोरेगावचं नाही.

भाषेत हे फार जुनं आहे. जे भयंकर त्याला गोड नाव द्यायचं. वेदातला रुद्र, रडवणारा, उग्र, त्याला 'शिव' म्हणजे कल्याणकारी म्हणायला लागले. ज्या रोगात अंग भाजून निघायचं त्याच्या देवीचं नाव शीतला. आपल्याकडे तर रोगालाच 'देवी' म्हणायचे, आणि गंमत अशी की सरकारी लस आली तरी लोक 'देवी काढल्या' म्हणायचे, टोचणारा तो देवीचा डॉक्टर. १९८० साली जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं पण माझ्या पिढीच्या दंडावरचा वण अजून 'देवीचा'च. आणि मीठ घ्या. गुजरातीत गोड म्हणजे मीठुं आणि मीठ म्हणजेही मीठुं. आपलं मीठ त्याच कुळातलं, मिठाईचं सख्खं भावंड. जिभेला खारट लागणाऱ्या वस्तूचं नाव गोड, आणि रोज ते नाव घेताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

'येतो'चं मात्र वेगळं आहे. माणूस मेला असं तोंडावर म्हणवत नाही म्हणून आपण 'गेला' म्हणायला लागलो. 'अण्णा गेले.' झालं, मरणाला झाकायला घेतलेला शब्द मरणाच्याच वासाचा झाला. मग दारातून निघताना तो शब्द कसा वापरणार, तर 'येतो'. गोड शब्द असे झिजतात. परसाकडे म्हणायचे, मग संडास, तो घाण वाटायला लागला मग शौचालय, मग टॉयलेट, आता माझा नातू वॉशरूम म्हणतो, तिथे तो काय वॉश करतो त्यालाच माहीत. अजून दहा वर्षांनी वॉशरूमलाही वास यायला लागेल.

(आणि 'दिवस गेले' म्हणजे मात्र आनंदाची बातमी! मराठी शिकणाऱ्या एका बंगाली बाईंना हे समजावताना माझी दमछाक झाली होती.)

---

पेठेतला_वाणी

मास्तर दुकानाचं बरोबर बोलले. आमचं दुकान आजोबांपासूनचं, रात्री शटर ओढताना आजपण मी पोराला 'वाढव रे' म्हणतो, बंद कर म्हणत नाही, जीभच वळत नाही.

पण एक सांगतो, वडलांचा नियम होता गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. हिंग संपलाय तर 'उद्या सकाळी ताजा येतोय काका'. मोठा साबुदाणा नसला तर 'बारीक आहे, मोठा हवा असेल तर संध्याकाळी ठेवतो काढून'. मला वाटायचं हा शकुनाचा प्रकार, भवानी व्हायच्या आधी उधार देत नाही त्यातला. मोठा झाल्यावर कळलं की 'नाही' ऐकलं की माणूस समोरच्या दुकानात जातो आणि तिकडेच लागतो, 'उद्या येतोय' ऐकलं की परत येतो. आता याला अंधश्रद्धा म्हणा नाहीतर धंदा म्हणा. बोलणाऱ्याची बोरं विकतात ते असं. अर्थात 'उद्या येतो' म्हणून आठवडाभर आणला नाही तर तेच गिऱ्हाईक चार लोकांत शिव्या पण घालतं, ते पण पाहिलंय 😅

---

किनारपट्टी

आमच्या मालवणात रात्री साप म्हणत नाहीत. किरडू म्हणायचं, नाहीतर नुसतं जनावर. 'थंय बघ, जनावर आसा' एवढं कोणी म्हणलं की माडाखालचे सगळे पाय वर. आजी म्हणायची नाव घेतलं की त्याला ऐकू जातं. शाळेत शिकलो सापाला आपल्यासारखं ऐकू येत नाही, तिला सांगितलं तर म्हणाली, 'तुका म्हायत आसा, तेका खंय म्हायत?' यावर काय उत्तर देणार.

---

नाईट_ड्युटी_सिस्टर

किनारपट्टी यांच्यावरून आठवलं म्हणून लिहितीये, मी ग्रामीण रुग्णालयात १४ वर्षं आहे, मराठवाड्यात.

सरळसोट दादा, आधी आमची कबुली घ्या. रात्रपाळीला आमच्याकडे कोणीही, अगदी एमडी डॉक्टरसुद्धा, 'आज वॉर्ड शांत आहे' असं म्हणत नाहीत. नवीन इंटर्न चुकून म्हणाला तर सगळे त्याच्याकडे असे बघतात की बास, आणि अर्ध्या तासात खरंच ट्रॅक्टर उलटून सहा जण आले की वर्षभर त्याचं नाव निघतं. आम्ही सगळे सायन्सवाले.

पण या न बोलण्यापायी काय होतं तेही सांगते. आमच्या भागात साप चावला असं म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. सात-आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यात पहाटे एका बाईला आणलं, नवरा म्हणतोय 'पान लागलंय, पान लागलंय'. ड्युटीवरचा डॉक्टर नवीन, बाहेरच्या राज्यातला, मराठी जेमतेम. त्याला वाटलं विड्याचं पान, तंबाखू लागली असेल, चक्कर, उलटी. तो तसंच विचारत बसला कितना खाया, कब खाया, नवरा पण घाबरलेला, मान डोलावतोय. अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही. मी बाळंतीण बघून वॉर्डातून खाली आले, बाईच्या पापण्या मिटत चाललेल्या बघितल्या आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, भुईवर झोपली होती का. हो म्हणाला. मण्यार होती. मण्यारीचं हेच असतं, रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, आणि मग श्वास बसायला लागतो. लस सुरू केली, अँब्युलन्समध्ये पंप दाबत जिल्ह्याला नेलं, वाचली. पण ती वीस मिनिटं एका शब्दापायी गेली होती.

तेव्हापासून नवीन डॉक्टर आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला एक कागद देते, माझ्या हाताने लिहिलेला. पान लागलं म्हणजे साप चावला. 'लांबडं' म्हणजे साप. 'बाहेरची झाली', 'कावळा शिवला' म्हणजे पाळी. 'पोट पडलं' म्हणजे गर्भपात. 'अंगावरून जातंय' म्हणजे रक्तस्राव, हे तर पहिल्यांदा सांगते, कारण त्यात बाई दगावू शकते. त्यांच्या कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

कॅन्सरचं तर विचारूच नका. नातेवाईक दारातच हात धरतात, सिस्टर त्यांच्यासमोर नाव घेऊ नका. मग 'गाठ', 'मोठा आजार', नाहीतर 'टाटाला दाखवलंय' एवढंच. परळच्या हॉस्पिटलचं नावच आता आजाराचं नाव झालंय. पण पेशंटला सगळं माहीत असतं हो. एक आजोबा मला रात्री दोन वाजता हळूच म्हणाले, 'पोरं घाबरत्यात म्हणून मी पण गाठच म्हणतो'. दोन्हीकडून तोच शब्द, दोघांनी एकमेकांसाठी धरून ठेवलेला. मला कधी कळलं नाही हे चांगलं की वाईट.

---

अर्धवट_पुणेकर

सिस्टर तुम्ही वेगळ्याच ठिकाणी नेलंत. आईला वाचून दाखवला तुमचा किस्सा. ती म्हणाली आमच्यात पण पान लागलंच म्हणतात, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

---

गोदाकाठ

एरवी मी इथे फक्त वाचते. मास्तरांनी 'वाढवणे' गोड म्हणून सांगितलं म्हणून लिहावंसं वाटलं, राग मानू नका.

बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दहाव्याला नदीवर आत्या आणि गल्लीतल्या बायका आईला घेऊन बसल्या आणि एक म्हातारी म्हणाली, 'चला, बांगड्या वाढवा आता.' मला खरंच वाटलं की आईला आणखी बांगड्या घालणार आहेत. म्हणजे माझ्या डोक्यात आलं की बाबा गेले म्हणून तिचं मन रमवायला काहीतरी करतायत. मग दगडावर आवाज आला. आईच्या मनगटाला काच लागली होती, तिने हात पदराखाली घेतला. आणि सगळ्या बायका तोच शब्द वापरत होत्या, वाढवल्या का, वाढवल्या, झालं वाढवून. एकीनेही 'फोडल्या' म्हणलं नाही.

तेव्हापासून मला हा शब्द सहन होत नाही. फोडायच्याच असतील तर फोडल्या म्हणा. मोठ्याने म्हणा, स्वतःला ऐकू येऊ दे. 'या बाईच्या हातातल्या बांगड्या आपण फोडूया' असं स्पष्ट म्हणावं लागलं असतं तर त्यातल्या निम्म्या बायकांचा हात मागे आला असता असं मला वाटतं. शब्द गोड होता म्हणून हात चालले.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुक्यात. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या ग्रामसभेने ठराव केला की विधवा बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं हे गावात होणार नाही. त्या बातम्या वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे गेलं, सगळीकडे छापलं होतं 'फोडणे', 'पुसणे', 'काढणे'. वाढवणे कुठेच नाही. मी तो कागद कापून ठेवलाय. पुढच्याच वर्षी एका मंत्र्यांनी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं का असा विषय काढला तेव्हा मात्र हसावं की रडावं कळेना. आईच्या नावामागे पत्रिकांवर तेच लागतं, गं. भा., आणि त्याच पत्रिकेच्या लग्नात तिला मागच्या रांगेत बसवतात.

---

मास्तर_सांगली

ताई, राग कसला. मी वर्गात वर्षानुवर्षं हे उदाहरण फळ्यावर लिहिलं, 'बांगडी वाढवणे', आणि समोर बसलेल्या पोरींपैकी कुणी नदीवरून आलेली असेल हे कधी मनात आलं नाही. चूक माझी.

---

एसटीचा_प्रवासी

गोदाकाठ ताईंचं पटतंय पण एक बाजू माझी पण ऐका. नाव बदलून काय होतं असं नेहमी म्हणतात, म्हणणाऱ्याला कधी त्या नावाच्या स्टॉपवर उतरावं लागलेलं नसतं.

आमच्या वस्तीच्या नावात आमची जात होती. तालुक्याला कॉलेजला असताना संध्याकाळची गाडी भरलेली असायची, वर्गातली पोरंपोरी सगळी त्यात, आणि कंडक्टर घंटी मारून ओरडायचा वस्तीचं नाव. त्याच्या मनात काही नव्हतं हो, तो स्टॉपचं नाव घेत होता. पण मी तीन वर्षं एक स्टॉप आधी उतरायचो, मारुतीच्या देवळाला, आणि दीड किलोमीटर चालायचो. पावसात पण. आईला सांगायचो गाडी तिथंच थांबते. पुढे नोकरीच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना तेच, पिनकोडच्या आधी जात.

२०२० च्या डिसेंबरात सरकारने निर्णय घेतला की वस्त्या-रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची, त्याजागी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी. आमच्याकडे बोर्ड बदलायला वेळ लागला पण बदलला. म्हातारी माणसं अजून जुनंच म्हणतात, आमची स्वतःची पण. पण माझा पुतण्या आता कॉलेजला जातो, त्याला विचारलं कुठं उतरतोस रे, तर म्हणाला कुठं म्हणजे, आपल्या स्टॉपवर. त्याला प्रश्नच कळला नाही.

---

सरळसोट

मी वर फटकन बोलून गेलो. पण माझा मुद्दा तोच आहे, तांदळाच्या डब्यावर शब्दाचा काही परिणाम होत नाही. माणसावर होतो हे मी कधी नाकारलं? एसटीवाल्या भावाचं वाचून गप्प बसलोय जरा.

---

नाईट_ड्युटी_सिस्टर

सरळसोट दादा 🙏 मग भांडण कुठंच नाही. तांदळाला ऐकू येत नाही, सुनेला येतं.

अर्धवटराव, मला विचाराल तर तुमच्या प्रश्नात तांदळापेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे सासूने सुनेला सगळ्यांसमोर टोकलं. वाढलेत म्हणावं की संपलेत याच्यापेक्षा ते वाक्य कुठल्या सुरात आलं ते घरात राहतं. माझ्या सासूबाई पण असंच बोलायच्या पण त्या म्हणायच्या 'अगं बाई, भरायला झालेत का?', आणि मी पण भरायला झालेत म्हणायला लागले, कधी ते कळलंच नाही.

---

अर्धवट_पुणेकर

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

गोदाकाठ यांचं लिहिलेलं आईला दाखवावं की नको असं वाटत होतं, तिचंही २०११ ला तेच झालंय, बाबा गेले तेव्हा. मी दाखवलं नाही, पण रविवारी बायकोनेच तिच्याजवळ बसून वाचून दाखवलं, मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर दोघी गॅलरीत, चहा तसाच गार. काय बोलल्या माहीत नाही आणि विचारलंही नाही. एवढंच की संध्याकाळी आई म्हणाली, माझ्या काचेच्या होत्या, हिरव्या, पुसेसावळीच्या जत्रेतल्या. फोडल्या म्हणाली. वाढवल्या नाही.

बाकी दारातून निघताना 'येतो' चालू राहणार, त्यावर घरात एकमत झालंय, मुलीला ते आवडतंच. पान लागलं म्हणजे काय हे बायकोने तिला शिकवलं, आणि साप दिसला तर सापच ओरडायचं हेही. तांदळाचं अजून ठरलं नाही. काल मुलीने स्वतःच तोडगा काढला, डबा उघडून ओरडली, 'बाबा, तांदूळ तळाशी गेलेत!'

---

पेठेतला_वाणी

तळाशी गेलेत म्हणजे लगेच आणा साहेब, तळातल्याला पोरकिडे लवकर होतात. पावसाळ्यात डब्यात कडुनिंबाचा पाला टाका. कोरेगावकडच्या आहेत तर आईंना इंद्रायणीच लागत असेल, जुना बघून घ्या, नवा चिकट होतो.